तिसऱ्या बत्तीखाली

माजं नाव मायाप्पा, गाव कुंभारी, जात धनगर, आनि धंदा इचाराल तर उजेडाचा. हसू नगा ताई, खरंच सांगतो, उभा जलम म्या बत्त्या पेटवन्यात घालवला. आमच्या घरात मेंढरं हुती, बाप मेंढरामागंच जलमला, मंग सलग दोन सालं पानी पडलं न्हाय, मेंढरं खाली बसली ती उठलीच न्हाईत, आनि मेंढरामागंच बाप बी गेला. तवा माजा थोरला भाऊ बिराप्पा, त्येला मी आन्ना म्हनायचो, त्यो काठी कोपऱ्यात ठेवून सोलापुरात गेला आनि गिरनीत साच्यावर, म्हंजे मागावर, लागला. वरीसभरानं त्येनं मला नेलं. माजं लगीन झालतं, घरची संगट हुती, आन्नाच्या खोलीतच मदी गोनपाटाचा पडदा बांधून आमी दोन बिऱ्हाडं ऱ्हायलो, येक चूल, येक घागर. गिरनीत मला तीन म्हैनं निभावलं न्हाय, कापसाचं तूस छातीत जायाचं, खोकून खोकून डोळं पांढरं व्हायाचं. आन्नानं म्हनलं, तू हितं मरशील आनि आय मला इचारल. आनि त्येनं मला कादरभाईकडं नेऊन उभं केलं.

कादरभाई म्हंजे ग्यासबत्त्यांचा मानूस. लगीन असू दे, उरूस असू दे, नाटक असू दे, बत्त्या त्येंच्याच. मानूस लई शिस्तीचा, पाच वेळा नमाज, तोंडात कदी शिवी न्हाय. बत्तीची जाळी असती बगा, हात लागला की राक, ती कशी बांदायची, राकेल कसं गाळायचं, पंप किती मारायचा, समदं त्येनी शिकवलं. मला म्हनायचे, मायप्पा, बत्ती को देख, लोगां को नक्को देख. पर मला लोकास्नी बघायची खोड. नाटकाच्या थेटरात समदे लोक पुडं बघत्यात, मी येकटाच त्येंच्या तोंडाकडं बघायचो. लगनात रडनारी मानसं आनि नाटकात रडनारी मानसं येगळी रडत्यात, हे मला तितंच कळलं.

आता थेटरातली आमची येक रीत तुमास्नी सांगतो, ती सांगितल्याबिगर फुडचं कळायचं न्हाय. पत्र्याचं थेटर, फुडं दोन वळी खुर्च्या, मागं जाजम, जाजमावर गिरनीवाले, इनकर, टांगेवाले, येका बाजूला बायका. वरच्या लाकडाला पाच बत्त्या टांगलेल्या, दोन ठेजावर, तीन लोकांवर. परतेक बत्तीचा दोर कप्पीवरनं भितीकडच्या खुंटीला. तासाभरानं बत्ती मंद व्हायाची, मंग दोर सोडून ती खाली घ्यायाची, लोकांतनं वाट काढत जाऊन पंप मारायचा आनि परत वर वढायची. हे कवाबी करून चालत न्हाय. फुडं राजा मरतोय आनि हितं तुमी पंप मारताय, तर लोक बत्तीसकट तुमाला भाईर काडतील. म्हनून कादरभाईनी शिकवलेलं, लोक हसले की बत्ती खाली. हशा उटला की पंपाचा आवाज कुनाला ऐकू येत न्हाय, मदनं गेलं तरी कोन वरडत न्हाय. मी इतका तयार झालो की हशा उटायच्या आदी, नुसतं लोकांनी वर वडलेल्या दमावरनं मला कळायचं, आनि माजा हात खुंटीवर जायाचा. कादरभाई म्हनायचे ह्येचा हात बघा, घड्याळ हाय. मला त्येचा गर्व हुता, खोटं कशाला सांगू.

आनि हशाचं म्हनाल तर आमचा आन्ना. साच्याच्या खात्यात इतका गोंगाट की बोललं तर घसा फोडून बोलावं लागतंय, तसंच त्येचं हसनं झालतं. पयला येक हुंकार याचा पोटातनं, मंग थांबायचा, लोकास्नी वाटायचं झालं, आनि मंग सुटायचा त्यो सुटायचाच. त्येच्या हसन्यानंच चार लोक हसायचे. नाटकवाले त्येला फुकट सोडायचे, म्हनायचे बिराप्पा आला की खेळ पडत न्हाय. त्येची बसायची जागा ठरलेली, जाजमाच्या मदोमद, तिसऱ्या बत्तीखाली. मीच त्येला तितं बसवायचो, मला खुंटीपासनं त्येचं तोंड दिसायचं म्हनून.

तर ही गोष्ट मार्शल लॉच्या फुडच्या सालाची. मार्शल लॉत सोलापुरात काय झालं ते तुमी पुस्तकात वाचलं असंल, मी काय सांगू. रस्त्यावर गोरे शिपाई, टोपी घातली तर धरत्यात, झेंडा दिसला तर धरत्यात, कोन कुटं गेला त्येचा पत्ता न्हाय. कायदा उटला तरी भ्या उटलं नव्हतं. लोक दिवेलागनीला दारं लावून घ्यायाचे. नाटकंबी मंग दिवस बुडायच्या आदी सुरू व्हायाची आनि जेवनाच्या वक्ताला सुटायची, कंदील घेऊन घोळक्यानं लोक घरी जायाचे. हसायची सवयच सुटलेली. तशात येका शाळामास्तरानं नाटक लिवलं, गिरनीतल्या कारकुनांनी आनि चार साचेवाल्यांनी ते बसवलं.

नाटकात काय हुतं म्हनाल तर नगरपालिकेतले तीन मेंबर. येकाच्या उजव्या खिशात खादीची टोपी आनि डाव्या खिशात जरीचा फेटा, सायेब आला की फेटा, मिरवनूक आली की टोपी, आनि घाईघाईत येकावर येक दोन्ही घालतोय. मंग त्येंनी पेठेत नळ आनला. नळाला हार, नळाला कुकू, बँड लावलेला, सायेबाच्या हस्ते चावी फिरवायची, पर नळाला पानीच न्हाय, म्हनून भितीमागं येक भिस्ती पखाल घेऊन बसवलाय, मेंबर खोकला की त्येनं पानी सोडायचं. आनि मेंबराला खराच खोकला लागतोय, थांबंना, भिस्ती पानी सोडतोय आनि सायेबाची पाटलोन भिजती. आता ह्येच्यात इनोद काय तर असा नळ आमच्याच पेठेत बसला हुता. हार सुकून गेला, नळ तसाच कोरडा. बसवनारा मेंबर म्हंजे आप्पासाहेब. तवा आमी त्येस्नी आप्पासाहेब आले, आप्पासाहेब गेले म्हनायचो, आता मी त्यो आला त्यो गेला म्हनतो, माजं वय झालंय, कोन काय करनार हाय माजं.

आप्पासाहेब म्हंजे गोरापान, गोड बोलनारा, मानसाच्या खांद्यावर हात ठेवून बोलायचा. गिरनीत त्येचा शब्द, चावडीत त्येचा शब्द, टांग्याचा बिल्ला असू दे, चहाच्या दुकानाचं लायसन असू दे, त्येच्या दारावरनंच जायाचं. मास्तरानं नाटकात त्येचं नाव घातलं नव्हतं, पर खोकला त्येचाच घातलेला.

पयल्या खेळाला आप्पासाहेब सोता आला. मदल्या खुर्चीवर बसला, गळ्यात हार घालून. थेटर गच्च भरलेलं. नळाचा परवेश आला, मेंबर खोकला, आनि काय सांगू तुमास्नी, येक बी मानूस ठेजाकडं बघत नव्हता. मी खुंटीपाशी उभा राहून बघतोय की, समदं थेटर आप्पासाहेबाच्या मानंकडं बघतंय. पाठीमागनं मान तेवडी दिसती, त्येवरनं कळंना राग आलाय का काय. समद्यांनी दम वर वडलेला आनि सोडायला कोन तयार न्हाय. आनि आन्नाचा हुंकार आला. थांबला. आनि सुटला. त्येच्या फाटोफाट आप्पासाहेबाचं खांदं हालाया लागलं, त्यो बी हसतोय, मोठ्यानं हसतोय, मांडीवर थाप मारतोय. मंग काय इचारता, धरन फुटावं तसं थेटर फुटलं. सालभराचं दाबलेलं हसनं त्ये, बायका पदर तोंडात घालून हसत्यात, नरसय्या इनकर शेजारच्याच्या अंगावर पडतोय, चहावाला गडाबडा लोळतोय. माजा हात खुंटीवर गेलाच हुता. तिसरी बत्ती खाली घेतली, पंप मारला, जाळी अशी पांढरीफेक झाली की जाजमावरची सुई दिसावी.

तवा आप्पासाहेब खुर्चीत वळला. हसतच वळला. येक हात खुर्चीच्या पाठीवर टाकून त्येनं पयली वळ बघितली, मंग दुसरी, मंग जाजम, ह्या कडंपासनं त्या कडंपर्यंत, सावकाश. तोंड हसतंय आनि डोळं येकेकावर थांबत्यात. वही न्हाय, पेन्सील न्हाय. मला वाटलं किती मोठ्या मनाचा मानूस, लोक कसं हसत्यात ते बघून त्येला आनंद व्हतोय.

खेळ सुटल्यावर त्यो आत आला, मास्तराच्या पाठीवर थाप मारली, म्हनला असं नाटक समद्या शहरानं बघितलं पायजे, आजून दोन खेळ लावा, लोकास्नी पास मी वाटतो. मंग माज्याकडं आला. बत्ती तुजी का म्हनला. मी हात जोडलं. बत्ती झकास हुती, येकेक मानूस दिसत हुता. आसं म्हनून गेला. मी घरी येऊन आन्नाला सांगितलं, आप्पासाहेबानं माज्या बत्तीचं नाव काडलं. आन्ना म्हनला, नळाचं न्हाय काडलं व्हय. आनि परत हसला.

आट दिसांनी चहावाल्याचं लायसन गेलं. कारन काय तर दुकानाफुडं सांडपानी. मंग येका टांगेवाल्याचा बिल्ला काडून घेतला, घोडा लंगडा म्हनून, घोडा चांगला धट्टाकट्टा. मंग नरसय्याच्या दारातला नळ तोडून नेला. त्येच्याकडं नळाला पानी यायाचं, त्या आळीत त्येवडाच चालू हुता, सूत रंगवायला त्येला पानी लागतंय, पानी न्हाय तर त्येचे चारी माग बंद. परतेकाला येगळं कारन, परतेकाकडं येगळा मानूस आलेला, म्हनून कुनाच्या बी ध्यानात आलं न्हाय. ज्येच्यात्येच्या नशिबाचं म्हनून जो तो गप.

ध्यानात आलं ते कादरभाईंच्या. दुकानात बसून जाळ्या बांदत हुतो, ते मदीच थांबले. मला म्हनले, मायप्पा, वो चायवाला कां बैठा था. मी म्हनलं तिसऱ्या बत्तीखाली. आनि टांगेवाला. तितंच. आनि नरसय्या. तितंच. आनि आन्ना बी तितंच, त्येचा नंबर तेवडा यायाचा ऱ्हायलेला. कादरभाई म्हनले, इत्ते दिन हमना उजाला बेचे, ये क्या बेचे रे हमना. मी म्हनलं बत्त्या देऊ नगा फुडच्या खेळाला. ते म्हनले न्हाय दिल्या तर का दिल्या न्हाईत म्हनून इचारतील, मंग काय सांगायचं. ह्ये बी खरंच हुतं. मंग त्येनी मला बजावलं, अबसे हंसे तो बत्ती नीचे नक्को लेना. बुजली तर बुजू दे.

दुसऱ्या खेळाला आप्पासाहेबाची मानसं घरोघर जाऊन पास देऊन आली. पास घेतला न्हाय तर तोंडावर न्हाय म्हनल्यासारकं, घेऊन गेला न्हाय तर त्येच्याहून वाईट. थेटर परत भरलं. पर लोक बसाया लागले तवा मी काय बघतो, समदे कडंला सरकत्यात. कोपरे गच्च, खांबाच्या आड येकावर येक मानसं, आनि मदी तिसऱ्या बत्तीखाली जाजम उगडं. बत्तीची गोष्ट कुनी कुनाला सांगितली नव्हती, मी सांगितली न्हाय, कादरभाईनी न्हाय, तरी लोकास्नी कळली. त्या दिशी आन्नाची रातपाळी हुती, त्यो आला नव्हता. लोक हसले, न्हाय असं न्हाय, पर आप्पासाहेब हसला की हसायचे आनि त्यो थांबला की थांबायचे. मी बत्ती खाली घेतली न्हाय. शेवटाला ती पिवळी पडली, मी तशीच पडू दिली.

तिसऱ्या खेळाच्या दिशी मी आन्नाला म्हनलं, येऊ नगंस. समदं सांगितलं त्येला, बत्तीचं, चहावाल्याचं, नरसय्याचं. त्यो भाकरी खात हुता. म्हनला, म्हंजे हसायचं बी त्येला इचारून. मी म्हनलं आन्ना, तुला दोन लेकरं हाईत, वैनीला दिवस गेल्यात, गिरनी गेली तर खोली जाती, खोली गेली तर आपन समदे रस्त्यावर. वैनी चुलीपाशी हुती, तिनं बी म्हनलं, भावजी खरं सांगत्यात, येक दिस घरी बसा की. आन्नानं पानी पिलं, हात धुतला, म्हनला मी जातो पर हसत न्हाय, मंग तर झालं. माज्याकडं बघून म्हनला, आनि तू ती बत्ती खाली घिऊ नगंस. मी म्हनलं आन्ना, बत्ती इजून काळोख झाला तरी खाली घेनार न्हाय. खंडोबाची आन घेतली मी.

त्यो आला आनि मदीच जाऊन बसला. त्येच्या भवती वीतभर जागा सोडून दुसरे बसले. परवेश सुरू झाले. आता त्या दिशीचं कसं सांगू तुमास्नी. थेटरात हजारभर मानूस आनि येक सुद्दा हुं न्हाय. ठेजावर ती पोरं नाचत्यात, फेट्यावर टोपी घालत्यात, घाम घळाघळा गळतोय, रंग वघळून मानंवर आलाय, आनि लोक मेल्या मानसाच्या घरी बसल्यागत बसलेले. कुनी धोतराचा सोगा दातात धरलाय, कुनी मांडीला चिमटा घेतोय. नरसय्याची बायकू बायकांच्यात बसून मांडीवरच्या पोरीला सारकी म्हनत हुती, नव्वद्दु, नव्वद्दु, हसू नगंस, हसू नगंस. बत्त्यांचा सूं सूं आवाज म्या जलमात थेटरात कदी ऐकला नव्हता, त्यो त्या दिशी ऐकला. आप्पासाहेब तेवडा मदनं मदनं हसायचा, येकटाच, आनि त्येच्या हसन्यानंतर थेटर आजून गार पडायचं.

नळ आला. हार घातला. मेंबर खोकला. पखालीवाला पोरगा इतका भेदरलेला की त्येनं पानी सोडलंच न्हाय. मेंबर परत खोकला. परत न्हाय. मंग त्येनं भितीकडं तोंड करून, नाटकातलं सोडून, खऱ्या काकुळतीनं म्हनलं, आरं बाबा सोड की आता, लई घसा दुखतोय. आन्नाचा हुंकार आला. मी मनात म्हनलं थांब, आन्ना, हितंच थांब. त्यो थांबला. त्येनं हात तोंडावर दाबला, मान खाली घातली, मानंच्या शिरा टरारल्या. आनि सुटला.

सगळ्या थेटरात त्यो येकटा हसत हुता. आनि मी खाली बघितलं तर माज्या हातात दोर. ताई, मी खुंटी कवा सोडली मला ठाऊक न्हाय. तुमी म्हनाल म्हाताऱ्याची बनवाबनवी, पर माज्या आयच्यान, हातानं सोडली, मी न्हाय. सालोसाल हात त्या हशाबरूबर चाललेला, त्येला कुटं ठावं आन बीन. बत्ती सरसर खाली आली आनि आन्नाच्या डोस्क्यावर हातभर अंतरावर थांबली, त्येच्या अंगावर असा उजेड की त्येच्या दाढीचे खुंट मोजून घ्यावेत.

आप्पासाहेब उटून उभा ऱ्हायला. वळला. लई मायेनं म्हनला, हसा, हसा बिराप्पा, नाटक हसायसाटीच असतंय. त्येनं नावानं हाक मारली. आन्नाचं हसनं तरी बी थांबलं न्हाय, डोळ्यातनं पानी, पोट धरलेलं. पर बाजूच्या मानसांनी काय केलं, बसल्या बसल्या ढुंगनावर सरकाया लागले, ह्या बाजूचे हिकडं, त्या बाजूचे तिकडं, आनि बघता बघता त्येच्या भवती जाजमाचा ह्येवडा गोल मोकळा झाला. ज्येच्या संगट साच्यावर धा सालं जोडीनं उभा ऱ्हायला त्यो दौलू बी सरकला. आन्नानं डोळं पुसले, भवती बघितलं, ते रिकामं जाजम बघितलं, मंग मान वर करून खुंटीकडं माज्याकडं बघितलं. तवा त्येचं हसनं थांबलं. मी दोर धरून उभा. बत्ती वर बी वढता यीना. मंग ठेजावर पानी सुटलं, उगाच, कुनी खोकल्याबिगर, आनि फळीवरनं खाली जाजमावर गळत ऱ्हायलं.

चार दिसांनी गिरनीच्या दारावर आन्नाचा कामाचा पास घेतला न्हाय, कामावरनं काडलं. म्हैना भरला न्हाय तवर हवालदार कागद घेऊन आला, इंग्रजीतला, त्येलाबी वाचता येत नव्हता, त्येनं तोंडानं सांगितलं की तुमी शहरात ऱ्हायल्यानं शांततेला धोका हाय, जिल्हा सोडून जावा. वैनीला आटवा म्हैना. आन्नानं समद्यास्नी घेऊन अक्कलकोटाकडं बैलगाडी धरली, तितं संस्थान, इंग्रजाचा हुकूम चालत न्हाय, वैनीचं माहेरबी त्याच वाटेवर. जाताना मला म्हनला, घागर तुमी ठेवा. वैनीची पोर वाटंत येका झाडाखाली झाली आनि गेली. मास्तराची बदली कोकनात का कुटं झाली, परत कवा त्येनं नाटक लिवलं असं ऐकलं न्हाय.

आनि मला काय झालं ते बी सांगतो, लपवून काय करू. आप्पासाहेबाचा निरोप आला, नगरपालिकेचे रस्त्यावरचे कंदील लावायला मानूस पायजे, तुजा हात चांगला हाय. कादरभाई म्हनले, नक्को जा. घरची म्हनली, जावा, न्हाईतर आपल्याला बी कागद यील. मी गेलो. शिडी खांद्यावर घेऊन रोज सांजच्याला पेठंतनं फिरायचो, लोक मला रामराम करायचे पर थांबायचे न्हाईत. मी लांबनं दिसलो की कट्ट्यावरचं बोलनं बंद व्हायाचं. समद्यास्नी वाटायचं, मी इकला गेलोय. कुनी तोंडावर इचारलं असतं तर सांगितलं असतं की हाताची सवय. कुनी इचारलं न्हाय.

आन्नाकडं मी वरसातनं दोन येळा जायाचो. त्येनं परत मेंढरं धरली हुती, धा-बारा, मंग वाढवली. त्येची पोरं कानडी बोलाया लागली, मला बघून बर्री बर्री, या या, म्हनायची, चुलत्याला पावन्यासारकं. आन्ना जेवू घालायचा, घोंगडं अंथरून द्यायाचा, मेंढरांचं बोलायचा, पावसाचं बोलायचा, आनि त्या दिसाचं कदी काडायचा न्हाय. मला वाटायचं त्येला वाटतंय मीच धरून दिलं. रोज रातीला निजताना वाटायचं, आता उटून सांगावं. स्वराज्य आलं, आप्पासाहेबानं फेटा कायमचा काडला आनि टोपी कायमची घातली, मोठा झाला, पेठंला त्येचं नाव दिलं, तरी माजं सांगायचं ऱ्हायलंच.

मंग आन्ना आजारी पडला, पोटात पानी झालं. निरोप आला तसा मी गेलो. उशाला बसलो, आनि म्हनलं, आन्ना, येक सांगायचं हाय. त्या दिशी बत्ती मी मुद्दाम न्हाय रं खाली घेतली. हात गेला. देवाशप्पत हात गेला. येवडी सालं तुला वाटत असंल की मी आप्पासाहेबाचं ऐकून तुला उजेडात आनलं. मी रडाया लागलो, म्हातारा मानूस, पोरांदेखत रडाया लागलो.

आन्ना माज्याकडं बघत ऱ्हायला. त्येला दम लागायचा, थांबून थांबून बोलायचा. म्हनला, बत्तीचं काय घिऊन बसलास. मला त्याच टायमाला कळलं हुतं की हात गेला तुजा. तुजं तोंड बघितलं की मी, मेंढरं मेल्यावर बाचं झालतं तसं झालतं.

मी म्हनलं, मंग कदी बोलला न्हाईस त्ये.

त्यो म्हनला, मायप्या, समदे सरकले तवा मी वर बघितलं. मला वाटलं, तू तरी हसशील.

 तिसऱ्या दिशी गेला. ह्ये माज्या मनात आलंच नव्हतं, येवड्या सालात येकदा बी न्हाय. मी बत्तीचाच इचार करत बसलो. लई सोपं हुतं की, दोर हातात धरूनबी हसता आलं असतं. येकाचं दोन झालो असतो, काय वाचलं नसतं, कागद मलाबी आला असता, आमी दोघं गाडी जुपून अक्कलकोटाला गेलो असतो. पर त्यो येकटा गेला नसता.

आता नातू शाळंतल्या नाटकात काम करतोय, त्येची आय मला घेऊन जाती, फुडं बसवती. वर इजंचे दिवे, कुनाला पंप मारायला लागत न्हाय. लोक हसत्यात, मोकळे हसत्यात, बघून बरं वाटतंय. मलाबी कळतंय इनोद कुटं हाय ते, उजवा हात आजूनबी मांडीवरनं हालतो, पर हसू यीत न्हाय, तितंच कुटंतरी अडकतंय. नातू घरी आल्यावर इचारतो, आजा, आवडलं न्हाय का तुला. मी म्हनतो, लई आवडलं बाळा, कर तू, दाबून कर. तुमी बी ताई येवड्या लांबनं आला, म्हाताऱ्याचं ऐकून घेतलं, तुमचं कल्यान हुवू दे. लिवताना माजं नाव घालायचं तर घाला, ऱ्हायलं तरी माजं म्हननं न्हाय. पर त्येचं पुरं नाव घाला, बिराप्पा सिदाप्पा, कुंभारीचा, आनि लिवा की त्यो येकटा हसला.